बनावट आउटपुट ट्रान्झिस्टर आणि चुकीचे सूचनापत्रक : तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : जुन्या स्टिरिओ रिसीव्हरच्या दुरुस्ती किटमधील सदोष भाग बदलून मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

१९७० च्या दशकातील, दर चॅनलला ७० वॅट देणाऱ्या रिसीव्हरसाठी आपल्याकडून दुरुस्ती किट मागवला होता. त्यातले लहान इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उत्तम आहेत. १०५ अंश तापमानापर्यंत चालणारे आहेत आणि मोजमापही छापल्याप्रमाणे भरते. बाकीच्या मालाबद्दल मात्र गंभीर तक्रार आहे.

स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट ट्रान्झिस्टरांवर एमजे१५००३ आणि एमजे१५००४ असे नंबर आहेत. हे १४० व्होल्ट, २० अँपिअर, २५० वॅटचे भाग. बेस मोकळा सोडून आणि करंट १ मिलिअँपिअरवर रोखून कलेक्टर-एमिटर तपासले, तर किटमधले एमजे१५००३ ६० व्होल्टच्या आसपासच ब्रेकडाउन होतात, म्हणजे व्होल्टेज न पेलता करंट वाहू देतात. एकाची टोपी कापून पाहिली. आतली सिलिकॉनची चिप जुन्या मूळ ट्रान्झिस्टरमधल्या चिपच्या निम्मीही नाही. कमी ताकदीच्या भागावर मोठ्या भागाचा नंबर छापलेला आहे, हे उघड आहे.

'टेस्टरवर गेन (ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा) बरोबर येतो, म्हणजे भाग चांगला' हे आपल्याकडून आलेले उत्तर मान्य नाही. हातातला टेस्टर थोड्याशा व्होल्टेजवर, काही मिलिअँपिअरमध्येच गेन मोजतो. बनावट भाग तिथे हमखास पास होतो. या रिसीव्हरचा सप्लाय अधिक-उणे ४२ व्होल्ट आहे. ८ ओहमवर ७० वॅट देताना आउटपुट सुमारे ३३ व्होल्टपर्यंत जाते आणि त्या क्षणी बंद असलेल्या बाजूच्या ट्रान्झिस्टरवर ७५ व्होल्ट येतात. म्हणजे हळू आवाजात सगळे सुरळीत वाटेल, आणि आवाज चढवला की ट्रान्झिस्टर शॉर्ट. या मॉडेलमध्ये बिघाड होताच स्पीकर तोडून वाचवणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) नाही. ४२ व्होल्ट डीसी थेट ८ ओहमच्या स्पीकरवर गेले तर २२० वॅट होतात. फ्यूज उडायच्या आत स्पीकरमधली व्हॉइस कॉइल (तारेचे वेटोळे) जळू शकते. जुने स्पीकर पुन्हा मिळत नाहीत, याची जाणीव असे किट विकणाऱ्याला असायलाच हवी.

फिल्टर कपॅसिटर यादीत १०,००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट असे आहेत. आले ३५ व्होल्टचे. ४२ व्होल्टच्या सप्लायवर ते तापून फुटतील, म्हणून बसवलेले नाहीत. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामध्ये विद्युतरोधक म्हणून घालायच्या अभ्रकाच्या चकत्याही नाहीत.

सूचनापत्रकात ०.३३ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर ३० मिलिव्होल्ट बायस (आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवायचा थोडा करंट) ठेवायला सांगितले आहे. म्हणजे ९० मिलिअँपिअर! सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ३० मिलिअँपिअर आहेत, म्हणजेच १० मिलिव्होल्ट. मिलिअँपिअर आणि मिलिव्होल्ट यांची गल्लत झालेली दिसते. पत्रकाप्रमाणे चालले तर हीटसिंक आवाजाशिवायच तिप्पट तापेल. पहिल्यांदा चालू करताना जास्त करंट रोखण्यासाठी सिरीजमध्ये १०० वॅटचा साधा बल्ब लावणे, स्पीकर काढून ठेवणे, बायसचा प्रीसेट (जुळवायचा लहान रेझिस्टर) सर्वांत कमी करंटवर ठेवणे, आणि स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवरचा डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत आहे का ते पाहणे, यांतले एकही पत्रकात नाही.

मागण्या अशा : चारही ट्रान्झिस्टर आणि दोन्ही फिल्टर कपॅसिटर आपल्या खर्चाने बदलून द्यावेत, सोबत अभ्रकाच्या चकत्या पाठवाव्यात. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. याच बॅचचे किट ज्यांनी घेतले आहेत त्या सर्वांना, त्यांनी रिसीव्हर चालू करण्यापूर्वी, कळवावे आणि पत्रक दुरुस्त करावे. नवे ट्रान्झिस्टर पाठवताना प्रत्येकाचे मोजलेले ब्रेकडाउन व्होल्टेज लिहून द्यावे.

कापलेल्या ट्रान्झिस्टरची आणि मोजमापांची छायाचित्रे जोडली आहेत. सदोष भाग तपासणीसाठी जपून ठेवले आहेत.

आपला,
एक ग्राहक