पार्टी, डोपिंग आणि शिवीगाळ एकाच तागडीत तोलू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरचं क्रीडापान मी रोज वाचते आणि ते चांगलंच असतं, पण एक गोष्ट बरेच दिवस खटकतेय म्हणून हे पत्र. एखादा खेळाडू पबमध्ये नाचताना दिसला की "वादाच्या भोवऱ्यात", कुणाच्या लघवीच्या नमुन्यात स्टेरॉइड सापडलं की "वादाच्या भोवऱ्यात", आणि कुणी समोरच्या प्लेअरला त्याच्या रंगावरून बोललं तरी तोच भोवरा. तीन वेगळ्या गोष्टी आहेत हो या. वाचणाऱ्याला मात्र वाटतं की सगळे सारखेच बिघडलेत, पैसा आला की असंच होतं वगैरे, आणि विषय संपतो. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक वेळी आधी हे विचारा की नुकसान कुणाचं झालं. खेळाडूचं स्वतःचं, की दुसऱ्या कुणाचं?

पार्टीचं आधी बोलते कारण सगळ्यात जास्त आरडाओरडा तिथेच होतो आणि खरं तर सगळ्यात कमी व्हायला पाहिजे. मायकल फेल्प्सचा २००९ मधला तो फोटो आठवत असेल, गांजा ओढायच्या नळीसकट. त्याच्या आदल्या वर्षी बीजिंगमध्ये या माणसाने आठ गोल्ड मेडल्स घेतली होती. टेस्टमध्ये काही सापडलेलं नव्हतं, फक्त फोटो होता, तरी अमेरिकेच्या स्विमिंग संघटनेने तीन महिने बाहेर बसवलं आणि एका मोठ्या स्पॉन्सरने करार वाढवला नाही. आता सांगा, त्याच्या शेजारच्या लेनमध्ये पोहणाऱ्याचं यात काय गेलं? काहीच नाही.

अमेरिकन धावपटू शा'कॅरी रिचर्डसनचं तर वाईट वाटतं. २०२१ मध्ये ऑलिंपिक ट्रायल्सच्या वेळी तिला आपली जन्मदाती आई गेल्याचं एका पत्रकाराच्या तोंडून कळलं, त्या दिवसांत तिने गांजा घेतला, १०० मीटरची फायनल १०.८६ सेकंदांत जिंकली आणि मग रिपोर्ट आला. बंदी एकाच महिन्याची, पण ट्रायल्सचा रिझल्टच रद्द झाला त्यामुळे टोकियोची १०० मीटर हुकली. आता याला कुणी डोपिंग म्हणत असेल तर कागदावर ते बरोबर आहे, गांजा स्पर्धेच्या काळात बंदच आहे. पण गांजा ओढून कुणी जोरात धावत नाही. दोन वर्षांनी बुडापेस्टला तीच मुलगी १०.६५ मध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, मग ती कशाच्या जोरावर झाली?

हा फरक वाडाला, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेला, उशिरा का होईना पण कळलाय. २०२१ पासून त्यांच्या नियमांत कोकेन, हेरॉइन, एक्स्टसी आणि गांजातला टीएचसी असा वेगळा गट आहे. खेळाडूने स्पर्धेबाहेर, खेळाशी संबंध नसताना घेतलं असं सिद्ध झालं तर बंदी तीन महिन्यांची, आणि उपचाराचा कार्यक्रम पूर्ण केला तर एक महिन्याची. दक्षिण आफ्रिकेचा फास्ट बोलर कगिसो रबाडा, त्याचं २०२५ मध्ये हेच झालं. आयपीएल अर्धवट सोडून गेला तेव्हा वैयक्तिक कारण सांगितलं, महिन्याभराने कळलं की रिक्रिएशनल ड्रगची, म्हणजे मौजेसाठी घेतात त्या नशेची, टेस्ट पॉझिटिव्ह होती, एक महिना बाहेर बसला, कार्यक्रम केला, परत आला आणि जूनमध्ये लॉर्ड्सवर वर्ल्ड टेस्ट चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये नऊ विकेट काढल्या. मला ही पद्धत पटते. व्यसन हा आजार आहे, त्याला डॉक्टर लागतो. आणि हो, दारू पिऊन गाडी चालवली, कुणाला मारलं, एखाद्या बाईशी घाणेरडं वागला तर ते पार्टीत मोडत नाही, तो गुन्हा आहे, तिथे पोलीस हवेत आणि खेळाडू म्हणून सूट अजिबात नको. ते सोडून मॅच संपल्यावर रात्री कोण किती वाजता झोपला हे मला पेपरात वाचायचं नाही.

आता डोपिंग. इथे मला खरंच राग येतो आणि त्याचं कारण सांगते. ॲडम नेल्सन नावाचा अमेरिकन गोळाफेकपटू आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये गोळाफेक प्राचीन ऑलिंपियाच्या मैदानावर झाली होती, आणि नेल्सन आणि युक्रेनचा युरी बिलोनोग दोघांची बेस्ट फेक अगदी सारखी, २१.१६ मीटर. दुसऱ्या नंबरची फेक बघून बिलोनोगला गोल्ड दिलं. राष्ट्रगीत त्याचं वाजलं. आठ वर्षांनी, २०१२ मध्ये जुने नमुने परत तपासले तर बिलोनोगच्या नमुन्यात स्टेरॉइड. मेडल काढून घेतलं आणि नेल्सनला २०१३ मध्ये त्याचं गोल्ड कुठे मिळालं माहितीये? अटलांटाच्या एअरपोर्टवर, फूड कोर्टमध्ये, बर्गरच्या दुकानासमोर. ऑलिंपिक कमिटीचा एक अधिकारी घेऊन आला आणि हातात दिलं. मधल्या वर्षांत या माणसाकडे स्पॉन्सर नव्हता म्हणून त्याने आपल्या शर्टावरची जाहिरातीची जागा ऑनलाइन लिलावात काढली होती. गोल्ड मेडलवाल्याला ही वेळ आली असती का? ते पैसे, ती वर्षं, तो पोडियमवरचा क्षण, यातलं काहीही परत देता येत नाही. डोपिंग ही चोरी आहे असं मी म्हणते ते यासाठी, आणि ज्याचं चोरीला गेलं त्याचं नाव आपल्या बातम्यांत कधीच नसतं.

आपल्या लोकांच्या बाबतीतही झालंय. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये मिक्स्ड रिलेत आपली टीम बहारीनच्या मागे दुसरी आली होती, नंतर बहारीनची धावपटू डोपिंगमध्ये सापडली आणि २०२० मध्ये आपलं सिल्व्हर गोल्ड झालं. किती जणांना माहिती आहे? जकार्तात त्या चौघांसाठी जन गण मन वाजलं नाही ते नाहीच.

घेणाऱ्याच्या शरीराचं काय होतं ते वेगळंच. पूर्व जर्मनीत सरकारी योजनेतून कोवळ्या पोरींना निळ्या गोळ्या व्हिटॅमिन म्हणून दिल्या जायच्या, ते स्टेरॉइड होतं. वर्षानुवर्षं चाललं, २००० साली बर्लिनच्या कोर्टात तिथल्या क्रीडाप्रमुखाला आणि डॉक्टरला शिक्षा झाली, तीही स्थगित, म्हणजे जेलमध्ये कुणी गेलंच नाही. त्या मुलींचे आवाज बदलले, लिव्हर बिघडले, पुढे बाळंतपणात त्रास झाले. रशियाची फिगर स्केटर कामिला वालिएवा २०२२ च्या बीजिंग विंटर ऑलिंपिकमध्ये १५ वर्षांची होती, नमुन्यात हृदयरोगाचं औषध. पंधरा वर्षांची पोर स्वतः मेडिकलमध्ये जाऊन हे घेऊन येते का? बंदी तिला चार वर्षांची झाली. आजूबाजूची मोठी माणसं कोण होती हा प्रश्न पहिला पाहिजे, तो शेवटीसुद्धा विचारला जात नाही.

मी मुलामुलींना धावणं शिकवते त्यामुळे ही भीती मला जवळून माहितीये. पोरं स्पर्धेच्या आदल्या दिवशी विचारतात, मॅडम सर्दी झालीय, हे सिरप घेऊ का. हा प्रश्न साधा नाहीये. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाची आंद्रेया राडुकान, १६ वर्षांची, जिम्नॅस्टिक्समधलं सगळ्यात मोठं वैयक्तिक गोल्ड जिंकली आणि ते काढून घेतलं कारण टीमच्या डॉक्टरने दिलेल्या सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन हे तेव्हा बंदी असलेलं औषध होतं. अपील केलं तरी मेडल परत नाही मिळालं. आपल्या पृथ्वी शॉला २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी झाली ती टर्ब्युटालिनमुळे, खोकल्याचं औषध घेतलं होतं असं त्याने सांगितलं आणि बीसीसीआयने ते मान्य केलं. नियम असा आहे की तुमच्या शरीरात जे सापडलं त्याला जबाबदार तुम्हीच, कुणी दिलं, कशातून आलं हे नंतर. कडक आहे, पण नसता तर प्रत्येक जण सिरपचंच नाव सांगेल हेही खरं. म्हणून बातमी देताना औषधाचं नाव, ते कशासाठी वापरतात आणि किती बंदी झाली हे लिहा ना, नुसतं "डोपिंगमध्ये अडकला" लिहिल्यावर खोकल्याचं सिरप घेणारा आणि महिनोन्महिने इंजेक्शन टोचून घेणारा एकाच रांगेत उभे राहतात.

आणि प्रामाणिक खेळाडू यासाठी काय सोसतात ते पण कधीतरी छापा. टॉप लेव्हलच्या खेळाडूला वर्षभर, दर तीन महिन्यांचं आधीच कळवावं लागतं की कुठल्या दिवशी मी कुठे असेन, बदल झाला तर तोही कळवायचा, रोजचा एक तास पक्का द्यावा लागतो, त्या तासात टेस्टवाले आले आणि तुम्ही नसाल तर एक चूक, बारा महिन्यांत अशा तीन झाल्या तर बंदी, मग औषध घेतलेलं असो की नसो. सकाळी सहाला बेल वाजते. नमुना देताना एक अधिकारी समोर उभा राहून बघतो, कपडे बाजूला करून, कारण लोकांनी दुसऱ्याची लघवी लपवून आणण्याचे प्रकार केलेत. ९० मिली तरी लागते. नाही झाली तर पाणी पीत बसायचं, जास्त पाणी प्यायलात की नमुना पातळ येतो, मग परत द्यायचा. मग ए आणि बी अशा दोन बाटल्यांत खेळाडूने स्वतःच्या हाताने ओतायचं, झाकण घट्ट लावायचं, नंबर जुळवून बघायचे, घेतलेली सगळी औषधं फॉर्मवर लिहायची, सही करायची. नुकती रेस हरलेली एकोणीस वर्षांची मुलगी हे सगळं करून रात्री उशिरा बसमध्ये बसते. हे ती कुणासाठी करते? शेजारच्या लेनमधलीचा तिच्यावर विश्वास बसावा म्हणून.

तिसरी गोष्ट बोलण्याची. इथे दोन्ही बाजूंनी टोक गाठलं जातं, एकीकडे "मैदानावर चालतंच, एवढं काय त्यात" आणि दुसरीकडे दहा वर्षांपूर्वीचं काहीतरी उकरून माणूस कायमचा संपवायचा. मला दोन्ही पटत नाही. रागात तोंडातून शिवी जाणं आणि समोरच्याला त्याच्या कातडीच्या रंगावरून, जातीवरून, ती बाई आहे म्हणून बोलणं यात फरक आहे, कारण पहिलं त्या क्षणापुरतं असतं आणि दुसऱ्याने तुम्ही त्याला सांगता की तू इथला नाहीस. २०१९ मध्ये डरबनला सर्फराज अहमद दक्षिण आफ्रिकेच्या फेहलुक्वायोला त्याच्या रंगावरून जे बोलला ते स्टंप माइकवर ऐकू आलं. पाकिस्तानचा कॅप्टन होता तो. त्याने जाहीर माफी मागितली, फेहलुक्वायोला जाऊन भेटला, हात मिळवला, तरी चार मॅचची बंदी झाली आणि व्हायलाच हवी होती. पण त्यानंतर विषय मिटला, तो परत खेळला.

इंग्लंडच्या ऑली रॉबिन्सनचं प्रकरण जास्त अवघड. २०२१ मध्ये लॉर्ड्सवर त्याची आयुष्यातली पहिली टेस्ट, मॅचमध्ये सात विकेट, आणि पहिल्याच दिवशी त्याची अठरा-एकोणीस वर्षांचा असतानाची घाणेरडी ट्वीट्स बाहेर आली, वंशावरून, बायकांवरून. आधी सस्पेंड केला, मग आठ मॅचची बंदी त्यातल्या पाच स्थगित, वर दंड. मला वाटतं हे ठीक झालं. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना कळलं की बोर्डाने दखल घेतली आणि त्या मुलालाही रस्ता राहिला. क्रिकेटपटू अझीम रफीकने यॉर्कशर या त्याच्या इंग्लिश क्लबमधल्या वर्णद्वेषाबद्दल ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर रडत रडत सांगितलं आणि दोनच दिवसांत त्याचेच जुने ज्यूविरोधी मेसेज निघाले. त्याने माफी मागितली. काही लोक लगेच म्हणाले, बघा, हाच असला आहे मग याचं काय ऐकायचं. का नाही ऐकायचं? त्याने लिहिलं ते चूकच होतं, आणि त्याला जे सोसावं लागलं तेही खरंच होतं.

बोलण्याचा आणि डोपिंगचा संबंध नाही असंही नाही. अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या टीममध्ये मालिश करणारी एमा ओ'रायली होती, तिने त्याच्या डोपिंगबद्दल पाहिलेलं सगळं खरं खरं सांगितलं. त्याने तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, तिला कोर्टात खेचलं, आणि तेव्हा बऱ्याच जणांना तो हिरो आणि ती खोटारडी वाटली. २०१२ मध्ये त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं गेली, जानेवारी २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर कबूल केलं. इतकी वर्षं ती बाई खरं बोलल्याची शिक्षा भोगत होती. पबमधल्या फोटोला जेवढी जागा मिळते तेवढी जागा तेव्हा तिच्या म्हणण्याला मिळाली असती तर हे प्रकरण बरंच आधी उघडं पडलं असतं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून संपादक साहेब, एक विनंती करते. पुढच्या वेळी कुठलाही खेळाडू डोपिंगमध्ये सापडला की त्याच बातमीत त्याच्या मागे दुसरं, तिसरं आणि चौथं कोण आलं होतं त्यांची नावं द्या, मेडल आता कुणाला मिळणार, कधी मिळणार तेही द्या, शक्य असेल तर त्यांना फोन करा आणि त्यांचा फोटो मोठा छापा, दोषी खेळाडूचा छोटा चालेल. वर्णद्वेषी बोलण्याची बातमी असेल तर ज्याला बोललं गेलं तो काय म्हणतो ते आधी येऊ दे, बोलणाऱ्याचा खुलासा नंतर. आणि पार्टीच्या फोटोंची जागा मोकळी झाली की तिथे आमच्या पोरांच्या जिल्हा स्पर्धांचे रिझल्ट टाका, ते हल्ली दिसतच नाहीत.

आपली,
एक नियमित वाचक आणि ॲथलेटिक्स प्रशिक्षक