शेपटी 15 सेंटिमीटरने आखूड

प्रिय नंदू,

चार महिने पत्र नाही, रागावला असशीलच. तब्येत ठीक, गोळ्या चालू. आज लिहितोय कारण कॅसच्या, त्या वेस्ट व्हर्जिनियातल्या ओंडक्यांच्या डोंगरी रेल्वेच्या, मॉडेलमधल्या झिगझॅगचा खालचा सांधा, म्हणजे रूळ बदलायची जागा, काल बसला, आणि गणपतीतल्या भांडणात तूच बरोबर होतास.

शेपटी, म्हणजे गाडी थांबून दिशा उलटवते तो झिगझॅगच्या टोकाचा बंद रूळ, 85 सेंटिमीटर धरली होती: गियरचं शे इंजिन 20, ओंडक्यांच्या चार वाघिणी प्रत्येकी 15, वर 5 मोकळे. पण मोजलं ते रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या नाकापासून. तू घसा कोरडा करत होतास, 'पात्यांच्या, त्या सरकत्या रुळांच्या, टोकापासून मोज, अख्खी गाडी पात्यांपलीकडे गेल्याशिवाय सांधा फिरणार कसा?' नाक ते टोक 15. उरले 70, म्हणजे एक वाघीण गेलीच.

तीन वाघिणींवर भागेल, पण मन मानत नाही. लहान, दोन बोगींचं, म्हणजे चाकांच्या दोन गाड्यांवरचं, शे लावलं तर जागा सुटते, पण 1905 पासून कॅसलाच असलेलं पाच नंबरचं इंजिन तीन बोगींचं. ते बदलणार नाही. मग फळीच्या काठाबाहेर 15 सेंटिमीटरचा सुटा तुकडा काढायचा का? खंडाळ्याच्या जुन्या रिव्हर्सिंगवरून (तिथेही गाडी अशीच दिशा उलटवायची) तू जेवढा वाद घालतोस, तेवढा इथे घाल.

तुकडा काढला तरी शेपटी आणि सांधा सपाटच हवेत. चढ शेकडा 5 आहे. खरी लाइन काही ठिकाणी 11 पर्यंत जाते, पण मॉडेलमध्ये तेवढ्यावर चाकं जागच्या जागी फिरतात. सांध्याआधी दर 10 सेंटिमीटरला एक टक्का उतरवत आणलाय, म्हणजे अर्धा मीटर त्यातच जातो. चढ एकदम मोडला की शेजारच्या वाघिणींचे कपलर वर-खाली होतात आणि सुटतात. शेची चाकं फिरवणारा दांडा उजव्या अंगाला, त्यामुळे डाव्या वळणावर तो बाहेरच्या बाजूला येतो, ताणला जातो, आणि वळण आवळलेलं असेल तर दांड्याचा सरकता जोड निसटतो. त्रिज्या 46 सेंटिमीटरच्या खाली नेऊ नकोस.

रिकाम्या वाघिणींचा त्रास वेगळा. कॅसहून निघताना इंजिन मागून ढकलतं, पहिल्या शेपटीनंतर ओढतं, दुसरीनंतर पुन्हा ढकलतं. ढकलताना पुढची हलकी वाघीण वळणावर उचलते. वाघिणीच्या उघड्या सांगाड्याला वजन लपवायला जागाच नाही, म्हणून मधला लाकडी दांडा काढून पितळी पट्टी घातली. आता सगळ्या 55 ग्रॅमच्या. एखादीच जड ठेवलीस तर हलकी तिच्यापुढे टिकत नाही.

ओंडके खऱ्या डहाळ्यांचे, 7 मिलिमीटर जाडीचे, म्हणजे 1:87 ने साधारण 60 सेंटिमीटरचं स्प्रूस. साल बारीक पोताची निवड, नाहीतर ओंडका काठीच दिसतो. मंद ओव्हनमध्ये तासभर वाळव, नाहीतर आतून किडे निघतात.

वहिनींचा गुडघा आता कसा? चिनूच्या ऍडमिशनचं कळव. तुझं नवं घर बघायला दिवाळीत येतो.

तुझ्या लेआउटवर वरची शेपटी पात्यांच्या टोकापासून किती आहे, मोजून लगेच कळव. तोवर फळीला करवत लावत नाही.

तुझा,
विजू