सूचना : अकरावीतील मुलांच्या पालकांसाठी

मंडळाच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, ज्यांची मुले यंदा कॅलिफोर्नियातील शाळांत अकरावीत आहेत, त्यांनी उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी मुलांसह शाळेच्या काउन्सेलरची भेट घेऊन ट्रान्सक्रिप्ट (आजवरचे विषय व श्रेणी यांचा शाळेचा दाखला) बारकाईने तपासून घ्यावे.

शाळेच्या डिप्लोमाच्या अटी आणि विद्यापीठ प्रवेशाच्या अटी एकच नाहीत. गल्लत नेमकी इथेच होते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी ‘ए ते जी’ या, विद्यापीठाने ठरवलेल्या सात विषयगटांतील वर्षभराचे १५ अभ्यासक्रम किमान ‘सी’ श्रेणीने पूर्ण असावे लागतात, आणि त्यांपैकी ११ बारावी सुरू होण्याआधीच झालेले असावे लागतात. गणित-विज्ञानाकडे घरातल्या सर्वांचेच लक्ष असते. मात्र चित्र, संगीत, नृत्य किंवा नाट्य यांपैकी एका कलेचा वर्षभराचा अभ्यासक्रम राहून जाऊ शकतो, तो आवर्जून पाहावा.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी एसएटी वा एसीटी या प्रवेशपरीक्षांचे गुण विचारात घेत नाही. त्यामुळे या परीक्षांचे महागडे क्लास लावण्याआधी मूल कोठे अर्ज करणार आहे, याची यादी करावी. खासगी विद्यापीठांसाठी शिफारसपत्रे लागत असल्यास, मुलांनी अकरावीच्या शिक्षकांना आताच विनंती करावी.

कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकून पुढे विद्यापीठात जाण्याचा मार्ग आपल्याकडे उगाच कमी लेखला जातो. ज्या मुलांचा करिअरचा निर्णय अजून झालेला नाही, त्यांच्याशी या पर्यायाबद्दलही मोकळेपणाने बोलावे, ही कळकळीची विनंती.

– कार्यकारिणी