आधी बेरीज तपासा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईला येऊन गेले. सव्वाशे जणांचं शिष्टमंडळ, यशराज स्टुडिओची फेरी, राजभवनातली भेट हे सगळं तुमच्या अंकात वाचलं. (इस्लामपूरचा भाचा रोज कात्रणं व्हॉट्सॲपवर पाठवतो.) त्या धामधुमीत एक बातमी कोपऱ्यात गेली. स्टार्मर मुंबईत आधारचे शिल्पकार नंदन निलेकणींना भेटले आणि आधार योजनेची त्यांनी तोंड भरून स्तुती केली. त्यावरून हा पत्रप्रपंच.

मी 1989 पासून लंडनच्या हॅरो भागात राहतो. कोपऱ्यावरच्या दुकानदारांचे हिशेब लिहिण्यात उमेदीची वर्षं गेली, आता निवृत्त आहे. स्टार्मरनी 26 सप्टेंबरला इथे डिजिटल ओळखपत्राची घोषणा केली. नोकरी धरायची तर फोनमधलं हे ओळखपत्र दाखवणं सक्तीचं होणार, असं तेव्हा सांगितलं. विरोधाच्या अर्जावर 25 लाखांहून जास्त सह्या पडल्या. आमचे इथले देशी मित्र मात्र हसतात. "आपल्याकडे सव्वाशे कोटींना जमलं, या गोऱ्यांना काय धाड भरली?" असं म्हणतात. माझाही कार्डाला विरोध नाही. मला धास्ती आहे ती मशीन एक म्हणतं आणि माणूस दुसरं, त्या दिवसाची. तो दिवस या देशाने पाहिलेला आहे, आणि चांगला पंधरा-सोळा वर्षं चाललेला पाहिलेला आहे.

इथल्या पोस्टाने 1999 पासून फुजित्सू या जपानी कंपनीची हॉरायझन ही संगणकप्रणाली शाखाशाखांत बसवली. शाखा चालवणारे सबपोस्टमास्तर म्हणजे आपल्या किराणा दुकानदारांसारखी माणसं. एका बाजूला दूध-पाव, दुसऱ्या बाजूला पोस्टाची खिडकी. प्रणालीत चुका होत्या, त्यामुळे नसलेली तूट पडद्यावर दिसायची. करार असा की तूट मास्तरने खिशातून भरायची, न भरल्यास खटला. 2015 पर्यंत 900 हून अधिक लोक दोषी ठरले. ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटननी मदतकेंद्राला 91 वेळा फोन केला. वकील परवडेना म्हणून स्वतःच उभे राहिले, हरले. 25 हजार पौंडांच्या तुटीपायी 3 लाख 21 हजारांचा कोर्टखर्च अंगावर आला आणि दिवाळं निघालं. वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा भारतीय वंशाच्या. 74 हजार पौंडांच्या चोरीसाठी नोव्हेंबर 2010 मध्ये त्यांना 15 महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा त्या गरोदर होत्या, आणि तो थोरल्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. शिक्षा रद्द व्हायला 2021 उजाडलं. या जुलैत चौकशी आयोगाचा पहिला भाग आला. त्यात किमान 13 आत्महत्यांचा या प्रकरणाशी संबंध असू शकतो, असं म्हटलं आहे.

हे वाचताना मला आमची पतसंस्था आठवते. 1984 साल, मी नवा कारकून. एका शनिवारी रोकड 340 रुपयांनी कमी भरली. रोखपाल तात्यांचा चेहरा पांढराफटक. व्यवस्थापक साहेबांनी तात्यांच्या पिशवीला हातही लावला नाही. "किर्दीची बेरीज पुन्हा मारा, मग व्हाउचरं मोजा," एवढंच म्हणाले. आम्ही चौघांनी रात्री नऊपर्यंत बेरजा मारल्या. शेवटी एक व्हाउचर सापडलं. खतावणीच्या मागच्या पुठ्ठ्याला डिंकाने चिकटलेलं, 340 रुपयांचं. पदवी नसलेल्या त्या साहेबांना जे कळत होतं ते इथल्या पोस्टाच्या संचालकांना, वकिलांना आणि मंत्र्यांना का कळलं नसावं?

कुणाला शंकाच आली नव्हती असंही नाही. डिसेंबर 1998 मध्ये, हॉरायझन बसण्याआधीच, पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्यापुढे प्रणाली सदोष असल्याचा इशारा सल्लागाराकडून आला होता. ब्लेअरनी कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं, की प्रणालीच सदोष आहे असं म्हणतात, तर यावर कुणाचं तरी स्पष्ट मत असायला हवं ना? प्रश्न अगदी बरोबर होता. पण उत्तराची वाट न बघता गाडी पुढे गेली. हॉरायझन पुढे न्यावं या मताचे व्यापार-उद्योगमंत्री कोण? पीटर मँडेलसन.

मँडेलसन हे नाव तुमच्या जुन्या वाचकांना आठवत असेल. त्याच डिसेंबरात, सहकारी मंत्र्याकडून घेतलेलं 3 लाख 73 हजार पौंडांचं घरकर्ज लपवल्यावरून त्यांनी पहिला राजीनामा दिला. जानेवारी 2001 मध्ये दुसरा, हिंदुजा बंधूंपैकी एकाच्या ब्रिटिश पासपोर्टच्या चौकशीवरून. हिंदुजांनी लंडनच्या मिलेनियम डोम या प्रदर्शनाला 10 लाख पौंड दिले होते आणि त्या डोमची जबाबदारी आधी मँडेलसनकडे होती. (चौकशीत पुढे गैरवर्तनाचा ठपका आला नाही, हेही सांगायला हवं.) अशा माणसाला स्टार्मरनी वॉशिंग्टनला राजदूत म्हणून धाडलं. लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या जेफ्री एपस्टीनशी त्यांची मैत्री तोवर वर्तमानपत्रांत येऊन गेलेली. यंदा 10 सप्टेंबरला स्टार्मर संसदेत म्हणाले, माझा राजदूतावर विश्वास आहे. 11 सप्टेंबरला राजदूत घरी. त्याच्या आठवडाभर आधी उपपंतप्रधान अँजेला रेनर घराच्या मुद्रांकशुल्कावरून गेल्या होत्या. माणसाची पारख चुकते, माझीही चुकली आहे. पण इथे माहिती नव्हती अशी सबब चालत नाही. व्हाउचर पुठ्ठ्याला चिकटलेलं नव्हतं, टेबलावर होतं.

मग ते का वाचलं नाही? माझा अंदाज असा, की मँडेलसन ट्रम्पच्या दरबारातून तंत्रज्ञानाचा मोठा करार आणतील ही आशा होती. आणि करार झालाही. राजदूत गेल्यावर आठवड्याने, 18 सप्टेंबरला, ट्रम्प इथे असताना त्यावर सह्या झाल्या. अमेरिकी कंपन्या 31 अब्ज पौंड गुंतवणार म्हणे. जानेवारीतच या सरकारने देशाच्या नसानसांत एआय भिनवायची भाषा केली होती. नसांत भिनवण्याआधी डॉक्टरसुद्धा रक्तगट बघतो. एआय वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझी नात त्याच्याकडून गणितं समजून घेते. पण लखलखीत वस्तू समोर आली की इथले नेते शंका काढणाऱ्याकडे पाठ फिरवतात. डिजिटल ओळखपत्राचे आजचे सगळ्यांत मोठे वकील कोण? तेच टोनी ब्लेअर. त्यांनी 2006 मध्ये ओळखपत्राचा कायदा केला होता, 2010 मध्ये आलेल्या सरकारने तो गुंडाळला.

आता माझा खरा मुद्दा, जो इथल्याही वर्तमानपत्रांत फारसा येत नाही. इथल्या 1984 च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यात कलम 69 होतं. संगणकाचा कागद फौजदारी कोर्टात पुरावा म्हणून आणायचा तर यंत्र नीट चालत होतं हे आधी दाखवावं लागे. 1999 च्या कायद्याने ते कलम काढलं. तेव्हापासून यंत्र बरोबरच चालतं असं कोर्ट धरून चालतं आणि ते चुकलं हे दाखवायचं ओझं आरोपीवर. आता दूध-पाव विकणाऱ्या बाईने फुजित्सूच्या यंत्रातली चूक कुठून दाखवावी? सरकारने यंदा या गृहीतकावर लोकांची मतं मागवली, पण ते आहे तिथेच आहे. हॉरायझनही अजून काउंटरवर चालू आहे. नुकसानभरपाईचे एक अब्जाहून जास्त पौंड करदात्यांच्या, म्हणजे माझ्याही, खिशातून गेले.

आणि आधार. माझी आत्या शिराळा तालुक्यात असते, वय 84. जन्मभर भातलावणी केली, शेणी थापल्या. बोटांवर रेषा उरल्या नाहीत. रेशनच्या दुकानात तिचा थंब लागेना. दुकानदार म्हणाला, आजी, हात धुऊन या. मग म्हणाला, लिंबू चोळून या. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "अरे, मला जन्मापासून ओळखतोस ना तू?" तो बिचारा म्हणाला, "मी ओळखतो, मशीन ओळखत नाही." शेवटी नातवाच्या फोनवर ओटीपी आला आणि तांदूळ मिळाले. गावात ओळखीचा दुकानदार असतो, नातू असतो, म्हणून निभावतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये बजावलं होतं, की पडताळणी फसली म्हणून कुणाचा हक्क अडवू नका. तो निकालही 26 सप्टेंबरचाच. लंडनच्या गोदामात रात्रपाळीला उभ्या असलेल्या पोराचं ओळखपत्र पहाटे चार वाजता उघडलं नाही, तर त्याला ओळखणारं कोण असेल?

तुमच्या वार्ताहरांपैकी कुणी मुंबईत स्टार्मरना किंवा निलेकणींना थंब न लागणाऱ्यांबद्दल विचारलं होतं का? विचारलं असेल तर काय उत्तर मिळालं ते कृपया छापा. भाचा कात्रण पाठवील.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस
हॅरो, लंडन
14 ऑक्टोबर 2025