चॅप्लिनचे वडील आणि गुत्त्याला जोडलेला रंगमंच

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत चार्ली चॅप्लिनच्या बालपणावर आलेला लेख आस्थेने लिहिलेला आहे. लंडनच्या लॅम्बेथ भागातील अनाथ-दरिद्री लोकांसाठीचे वर्कहाउस, हॅनवेलची शाळा, आईचे मानसिक आजारपण हे सारे त्यात नेमकेपणाने आले आहे. मात्र वडिलांची बोळवण ‘दारुड्या बापाने कुटुंब वाऱ्यावर सोडले’ एवढ्या एका वाक्यात झाली आहे. हे वाक्य खोटे नाही, पण ते ज्या घराण्याविषयी आणि ज्या धंद्याविषयी आहे, त्यांची काहीच कल्पना वाचकाला त्यातून येत नाही. मी काही वर्षे व्यसनमुक्तीच्या कामात आहे, त्यामुळे मद्यपानाची तरफदारी करण्यासाठी मी हे पत्र लिहितो आहे असा समज कृपया होऊ नये. माणूस पितो एवढेच सांगून थांबलो, तर तो कुठे पितो, कोणाबरोबर पितो आणि त्याच्या पिण्यावर कोणाचा गल्ला भरतो, हे प्रश्न विचारायचेच राहून जातात, असा माझा अनुभव आहे.

चॅप्लिन हे घराणे रंगमंच आणि पब या दोन्ही व्यवसायांत वावरणारे होते. चार्लीचे आजोबा स्पेन्सर चॅप्लिन मूळचे खाटीक, पुढे पबचालक झाले. त्यांच्याच नावाचा त्यांचा मुलगा, म्हणजे चार्लीचा काका, लॅम्बेथमध्ये ‘क्वीन्स हेड’ नावाचा पब चालवीत असे. दुसरा मुलगा चार्ल्स, म्हणजे चार्लीचा बाप, म्युझिक हॉलचा, म्हणजे गाणी-विनोदी खेळ चालणाऱ्या नाट्यगृहाचा, गायक झाला. १८९०च्या सुमारास त्याचे नाव एवढे होते की त्याने गायिलेल्या गाण्यांच्या छापील प्रतींवर त्याचे चित्र असे, आणि १८९० साली तो न्यूयॉर्कलाही गाऊन आला. आई हॅना ‘लिली हार्ली’ या नावाने गात असे, आणि मावशी केट हीसुद्धा रंगमंचावरचीच. पुढे हॅनाला लिओ ड्रायडन या गायकापासून १८९२ साली व्हीलर हा मुलगा झाला. तोही नट झाला, आणि भारतात व अतिपूर्वेकडील देशांत खेळ करीत फिरत असताना आपण चॅप्लिनचे सावत्र भाऊ आहोत हे त्याला कळले. थोरला भाऊ सिडनी चार्लीच्याही आधी फ्रेड कार्नोच्या विनोदी कंपनीत दाखल झालेला होता. अशा घरातला मुलगा अकस्मात उगवला असे म्हणता येत नाही.

रंगमंच आणि पब यांचे नातेही योगायोगाचे नव्हते, कारण म्युझिक हॉल हा प्रकारच पबच्या पोटी जन्मला. चार्ल्स मॉर्टन या पबचालकाने १८५२ साली लॅम्बेथमध्येच आपल्या ‘कँटरबरी आर्म्स’ला लागून गाण्याचे दालन बांधले. सुरुवातीला तेथे प्रवेशाच्या पैशातच पेय मिळे, लोक टेबलांभोवती बसून खातपीत गाणी ऐकत, आणि गाणे हे गिऱ्हाईक बसवून ठेवण्याचे साधन असे. पुढे थिएटरे मोठी झाली, खुर्च्यांच्या रांगा आल्या, परंतु बार राहिलाच. चॅप्लिनने १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की काही थिएटरांना तिकिटांपेक्षा बारमधून अधिक नफा होई, आपला प्रयोग संपला की कलावंताने बारमध्ये जाऊन प्रेक्षकांबरोबर प्यावे अशी अपेक्षा असे, आणि कित्येक नामवंतांना भरघोस बिदागी मिळे ती केवळ गुणांसाठी नव्हे, तर त्यातील बराचसा पैसा ते पुन्हा त्याच बारमध्ये रिता करीत म्हणूनही. आपले वडील अशा बळींपैकी एक होते, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. ज्या मुलाने या बापामुळे सर्वाधिक सोसले, त्यानेच हे कारण नोंदवून ठेवले आहे, तर आपण ते गाळावे याचे मला वाईट वाटते.

वडिलांचा दोष यामुळे कमी होत नाही. मुलाच्या आठवणीप्रमाणे त्यांना चांगल्या दिवसांत आठवड्याला चाळीस पाउंड मिळत. विभक्त झाल्यावर कुटुंबासाठी त्यांनी द्यायची रक्कम होती आठवड्याला दहा शिलिंग (वीस शिलिंगांचा एक पाउंड), म्हणजे त्या कमाईचा ऐंशीवा भाग, आणि तीही पुढे थांबली.

केनिंग्टन रोडवरच्या रविवारच्या दुपारींचे चॅप्लिनने केलेले वर्णन या संदर्भात महत्त्वाचे आहे. म्युझिक हॉलमधील बडे कलावंत घोडागाडीतून फेरफटका मारून परतताना ‘व्हाइट हॉर्स’, ‘हॉर्न्स’ आणि ‘टँकार्ड’ या पबांत थांबत. बारा वर्षांचा चार्ली ‘टँकार्ड’च्या बाहेर उभा राहून त्यांचे उतरणे, त्यांचा रुबाब डोळे भरून पाहत असे. त्याच रस्त्यावरच्या ‘थ्री स्टॅग्ज’मध्ये एका संध्याकाळी त्याने सहज डोकावले, तर कोपऱ्यात वडील बसलेले होते. ते खूप आजारी दिसत होते. त्यांनी आईची आणि सिडनीची चौकशी केली, आणि निरोप घेताना मुलाला जवळ घेऊन आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा मुका घेतला. ती त्या दोघांची शेवटची भेट. ९ मे १९०१ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या निधनानंतर अवघ्या काही महिन्यांनी, चार्ल्स चॅप्लिन सेंट थॉमस रुग्णालयात मरण पावले. त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती.

अंत्यविधी कलावंतांच्या मदतनिधीतून व्हावा असे हॅनाने सुचवले, तेव्हा चॅप्लिन मंडळींना ते मानहानीचे वाटले, आणि आफ्रिकेहून आलेल्या धाकट्या अल्बर्ट काकाने खर्च केला. टूटिंगच्या दफनभूमीतून परतताना नातेवाईक जेवणासाठी घराण्याच्याच एका पबपाशी उतरले, आणि हॅना व चार्ली घरी आले. घरात बशीभर गोमांसाच्या चरबीखेरीज खायला काही नव्हते. फिरत्या भंगारवाल्याला जुना तेलाचा स्टोव्ह अर्ध्या पेनीला विकून तेवढ्याचा पाव आणला, तेव्हा त्या मायलेकरांचे जेवण झाले. दुसऱ्या दिवशी रुग्णालयातून मृताच्या वस्तू मिळाल्या. त्यांत सपातांच्या टोकांशी संत्री कोंबलेली होती, आणि त्यांतले एक काढताना अर्धा सॉव्हरिन खाली पडला. अर्धा सॉव्हरिन म्हणजे बरोबर दहा शिलिंग, एका आठवड्याच्या पोटगीएवढे. हे वाचताना मला प्रत्येक वेळी थांबावे लागते. एकाच घराण्यातील काही माणसे पबच्या गल्ल्यावर सुखात होती, एक माणूस त्याच धंद्याने संपला, आणि त्याची बायको-मुले कोरड्या पावाच्या शोधात होती, हा सगळा व्यवहार त्या एका दिवसात दिसतो, आणि ‘दारुडा बाप’ या दोन शब्दांत तो मावत नाही.

या घराण्यातील पबचे देणेही सांगितले पाहिजे. काकांच्या ‘क्वीन्स हेड’बाहेर रमी बिंक्स नावाचा एक म्हातारा असे. संधिवाताने वाकलेला, पाय सुजलेले, अंगात कोणा धिप्पाड माणसाची ढगळ विजार. भाडेगाडीवाले आत प्यायला गेले की पेनीभर बक्षिशीसाठी तो त्यांचे घोडे धरून उभा राही. त्याची फरफटत चालण्याची ढब लहानग्या चार्लीने उचलली आणि घरी करून दाखवली. कोणाच्या व्यंगाची अशी नक्कल करू नये म्हणून हॅना त्याला विनवू लागली, पण विनवताना तिने तोंडात पदराचा बोळा कोंबावा तसा एप्रन कोंबला होता, आणि नंतर कोठीच्या खोलीत जाऊन ती दहा मिनिटे हसत राहिली. पुढे चित्रपटांतून जगाने ओळखलेल्या त्याच्या भटक्याच्या चालीचे मूळ चॅप्लिनने स्वतः या म्हाताऱ्यात सांगितले आहे. आपल्या लेखात भटक्याच्या टोपी-काठीवर एक परिच्छेद आहे, त्यात ‘क्वीन्स हेड’चा दरवाजा असायला हवा होता.

वडिलांच्या मृत्यूनंतर सात वर्षांतच हा धंदा बराच बदलला. लंडनची काउंटी कौन्सिल नव्या सभागृहांना मद्याचे परवाने नाकारीत होती, आणि ऑस्वाल्ड स्टॉल यांनी १९०४ साली उघडलेले ‘कोलिझियम’ तर कुटुंबासह यावे अशा हेतूने, मद्याऐवजी चहाची सोय करून बांधलेले होते. फेब्रुवारी १९०८मध्ये चार्लीने कार्नोच्या कंपनीत पहिले पाऊल टाकले ते याच रंगमंचावर. पण त्याला खरी प्रसिद्धी मिळवून दिली ती ‘ममिंग बर्ड्स’ या प्रहसनातील भूमिकेने, आणि ती भूमिका होती म्युझिक हॉलच्या बॉक्समध्ये बसून खेळात व्यत्यय आणणाऱ्या एका तर्र श्रीमंताची. पुढे अमेरिकेच्या दौऱ्यातही त्याने ही भूमिका केली. वडील ज्या बारमध्ये बुडाले, त्याच्या गिऱ्हाइकाला मुलाने रंगमंचासमोर बसवून जगाला हसवले. १९५२च्या ‘लाइमलाइट’मध्ये त्याने पिण्याने उतरणीला लागलेला म्युझिक हॉलचा विदूषक रंगवला, कथा १९१४च्या लंडनमध्ये ठेवली, आणि व्हीलरला व आपल्या मुलांना त्यात भूमिका दिल्या. त्या विदूषकाकडे चॅप्लिन कुठेही तुच्छतेने पाहत नाही.

लेखाच्या पुढील भागात किंवा संकेतस्थळावरील प्रतीत वडिलांविषयीचे वाक्य दुरुस्त करून त्यांचे गायक म्हणून नाव, त्यांच्या घराण्याचे पब आणि कलावंतांना बारमध्ये बसवण्याची त्या थिएटरांची रीत यांचा उल्लेख करावा, अशी विनंती आहे. जागेची अडचण असल्यास चार ओळीही पुरतील.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, सातारा