नकाशा ताणला की गुंठे वाढतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली ठाणे-नवी मुंबईत जमिनीचा विषय निघाला की कोणीतरी मोबाईलवर सॅटेलाइट फोटोवर बसवलेला गट नंबरांचा नकाशा काढतं आणि त्यातली लाल रेघ बघून माणसं भांडायला उठतात. ऐरोलीत आमच्या ओळखीतल्या एका हद्दीच्या वादात तर दोन्ही पार्ट्यांकडे असे नकाशे होते, दोन्हींतली रेघ वेगळी. मी जीआयएसचंच, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे बसवायचंच काम करतो म्हणून कळकळीने सांगतो, ती रेघ तिथे बसवली कशी हे आधी विचारा.

जुना गावनकाशा कागदावरचा, वर्षानुवर्षं घड्या आणि दमट हवा खाऊन तो लांबीला वेगळा नि रुंदीला वेगळा आखडलेला असतो, स्कॅन करून फोटोवर टाकला की जुळत नाही. मग काही जण सरळ सगळ्या कोऑर्डिनेटना, म्हणजे प्रत्येक बिंदूची जागा सांगणाऱ्या एक्स-वाय आकड्यांना, १.०२ वगैरेने गुणून मोकळे होतात, रस्ता रस्त्यावर बसला की झालं काम. अहो पण बाजू २ टक्के वाढली की क्षेत्रफळ ४ टक्क्यांच्या वर वाढतं, म्हणजे ४० गुंठ्यांचा एकर नकाशात ४१.६ गुंठे होतो. सातबाऱ्यावर ४०च आहेत, मग हे वरचे सतराशेहून जास्त चौरस फूट आले कुठून?

शिवाय गुणायचं कुठल्या बिंदूपासून हेही सांगावं लागतं. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमधलं एसटी स्केल हे ताणायचं फंक्शन नुसतं आकडा देऊन चालवलं तर ते शून्य-शून्यापासून, म्हणजे कोऑर्डिनेट जिथून मोजतात त्या बिंदूपासून गुणतं, आणि यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या झोन ४३ मध्ये ठाण्याचा उत्तरेचा आकडा (विषुववृत्तापासून मोजलेला) २१ लाख मीटरच्या पुढे आहे, त्यामुळे १.०१ ने गुणलं तरी घोडबंदर रोडचा प्लॉट २१ किलोमीटर उत्तरेला सरकून खाडीपलीकडे जातो. ही चूक निदान लगेच दिसते. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या शेपली लायब्ररीत तोच आकडा दिला की प्लॉट स्वतःच्या चौकटीच्या मध्यापासून ताणला जातो, जागचा हलत नाही, नुसता फुगतो, आणि कोणाला पत्ताही लागत नाही. मला जास्त भीती याची वाटते.

स्केल करणंच वाईट असं नाही हां. फुटातली मोजणी मीटरमध्ये आणायला ०.३०४८ ने गुणतात, त्यामागे कारण आहे. डोळ्याला जुळेपर्यंत आकडा बदलत बसणं याला कारण नाही. त्यापेक्षा हद्दीचे दगड, तीन गावांच्या शिवा मिळतात त्या जागा शोधून रोव्हरने, म्हणजे उपग्रहावरून नेमकी जागा मोजणाऱ्या यंत्राने, रीडिंग घ्या आणि त्यावर नकाशा बसवा, मोजणीवाल्यांकडे आता रोव्हर असतात.

म्हणून बिल्डर असो, कन्सल्टंट असो की सरकारी ऑफिस, असा नकाशा दाखवणाऱ्याने एक्स आणि वायला कितीने गुणलं, कुठल्या बिंदूपासून, कोणतं प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत), कोणते बिंदू जमिनीवर तपासले आणि फरक किती मीटर राहिला हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहायलाच हवं. आपणही जमिनीच्या बातमीसोबत असे नकाशे छापता, तेव्हा एवढी माहिती मागून घ्या, नसेल तर ‘हद्दी अंदाजे’ असं खाली ठळक छापा ही विनंती.

आपला,
एक वाचक, ऐरोली