सुटे भाग आणि कोडिंग खुले करा

संपादक महोदय,

कोल्हापुरात माझे छोटे गॅरेज आहे. गेल्या महिन्यात एका शिक्षकांनी बारा वर्षांची जर्मन सेडान आणली. साडेचार लाखांना घेतलेली ही गाडी रोज सकाळी पुढून बसलेली असायची. एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे हवेवर गाडी तोलून धरणाऱ्या यंत्रणेच्या, रबरी फुग्याला बारीक चीर गेली होती. अशी गळती तशीच ठेवली तर हवा भरून भरून कॉम्प्रेसरही जळतो. अधिकृत सेवा केंद्राने नुसते रबर द्यायला नकार दिला आणि दोन्ही बाजूंचे पूर्ण युनिट बदलण्याचा अंदाज सांगितला दोन लाख दहा हजार! गाडीच्या जवळपास निम्मी किंमत. बरे, इलेक्ट्रॉनिक भाग जुन्या बाजारातून आणावेत, तर त्यातले अनेक कंपनीच्या सॉफ्टवेअरने कोडिंग केल्याशिवाय, म्हणजे त्या गाडीशी जुळवल्याशिवाय, चालत नाहीत.

सुटे भाग व तांत्रिक माहिती अडवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. २०२२ मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टलही सुरू केले. आमच्या गॅरेजपर्यंत त्यातले काही पोहोचलेले नाही. प्रत्येक भागाची किंमत जाहीर करणे आणि वाजवी शुल्कात कोडिंग खुले करणे सरकारने कायद्याने बंधनकारक करावे.

– एक गॅरेजचालक, कोल्हापूर